लेकराचा पुढे आलेला हात
(शताब्दी सोहळ्याच्या सप्ताहात दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, विणेकरी, टाळकरी, मृदंगाची साथ करणारे, डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या मायबहिणी आणि मांडवाच्या कडेला बसलेली, भाषण कधी संपतंय याची वाट बघणारी बाळगोपाळ मंडळी, सर्वांना दंडवत.

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. दिंडी कुणी काढली, पहिल्या वर्षी किती जण निघाले, कोणत्या सालच्या पुरात बैलगाडी अडकली, हे सगळं तीन दिवस आपण ज्येष्ठांच्या तोंडून ऐकलं. आम्हाला मंडळींनी सांगितलं, की तुम्ही प्रपंचातलं काही बोला. म्हणून आम्ही आज एक घरातलाच विषय घेतला आहे. लेकरू मदत करायला म्हणून पुढं येतं, त्याच्या हातून मोठं नुकसान होतं, तेव्हा आईबापानं काय करावं? विषय लहान दिसतो. पण शंभर वर्षं दिंडी कशी टिकली याचं उत्तर आम्हाला त्यातच सापडतं.

जरा आठवून बघा. दिंडी पैशावर टिकली का? पैसा तर कधीच पुरला नाही. ती टिकली ती एका हातातून दुसऱ्या हातात गेली म्हणून. आणि ज्या हातात गेली तो हात दर वेळी कच्चाच होता. आज जे उत्तम विणेकरी म्हणून आपण ज्यांच्या पाया पडतो, तेही कधीतरी दहा-बारा वर्षांचं पोर होते, आणि त्यांचाही टाळ चुकत होता.

दिंडीत पोराचा टाळ चुकला तर काय करतात? हातातून काढून घेत नाहीत. जाणता टाळकरी सरकत सरकत पोराच्या शेजारी येतो आणि आपला ठेका जरा ठसठशीत धरतो. बोलत काहीच नाही. चार पावलांत पोराचा हात त्याच्या हाताबरोबर पडायला लागतो. अभंग थांबत नाही, चाल थांबत नाही, पोराची मान खाली जात नाही. शिकवण्याची ही आपली रीत आहे. विण्याचंही तसंच. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नाही, एकानं दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. देताना घेणाराही पाया पडतो आणि देणाराही पाया पडतो. साठीतला माणूस पंधरा वर्षांच्या पोराच्या पायाला हात लावतो. त्या पोराला त्या वेळी काय वाटत असेल? आपल्यावर काहीतरी सोपवलंय, एवढं तरी त्याला कळतंच.

आता हीच रीत आपण घरी पाळतो का?

वाटेनं चालताना आपण अनोळखी माणसालाही माउली म्हणतो. पाणी देणाऱ्याला माउली, गर्दीत पायावर पाय देणाऱ्यालाही माउली. आणि घरी पोराच्या हातून दुधाची किटली लवंडली तर तोंडातून काय निघतं? "डोळे फुटले का?" माउली तिथं कुठं जाते?

वारकऱ्याच्या घरी हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त येतो. आषाढी वारी येते ती ऐन मृगाच्या पाठोपाठ. पेरणी उरकून माणूस निघतो. मागं वावर, गोठा, विहिरीची मोटर, सगळं बाईमाणसाच्या आणि पोरांच्या हाती. आपण इकडं तीन आठवडे नाचत-गात चालतो, ते मागची लेकरं वाकून काम करतात म्हणून. तेव्हा त्यांच्या हातून चूक झाली तर तीही आपल्या वारीच्या खात्यातच धरली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी याच दिंडीत घडलेली गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, सांगायचं कारणही नाही. आपल्या भागातला एक कोरडवाहू शेतकरी. दोन एकर सरकी लावून दिंडीत आला. घरी बायको आणि नववीतला पोरगा. पाऊस बरा झाला, सरकीबरोबर तणही उठलं. खुरपायला रोजगारी मिळेना, सगळ्या गावाची खुरपणी एकदमच आलेली. पोरानं पाहिलं होतं की शेजाऱ्यानं मक्यात तणनाशक मारलं, तण जळालं आणि मका तसाच हिरवागार उभा राहिला. बापानं गेल्या साली मक्यासाठी आणलेल्या त्याच औषधाचा अर्धा डबा गोठ्यात होता. पोरानं विचार केला, बाप वारीहून येईल तेव्हा वावर स्वच्छ दिसलं पाहिजे. पाठीवर पंप घेतला आणि एका दिवसात दोन एकर फवारून काढलं.

ते औषध होतं २,४-डी. जाणत्या शेतकऱ्याला पुढचं सांगायला नको. हे औषध रुंद पानाचं तण मारतं. मका, ज्वारी, ऊस ही गवताच्या जातीची पिकं, म्हणून ती तगतात. सरकी रुंद पानाची. ती या औषधाला इतकी हळवी, की शेजारच्या वावरातून वाऱ्यानं चार थेंब आले तरी तिची पानं आकसतात. इथं तर नेमकं तिच्यावरच मारलेलं. दोन दिवसांत शेंडे वाकले, पानं पिळवटली, आठवडाभरात सरकी बसली. आठशे-नऊशे रुपयांचं एकेक बियाण्याचं पाकीट, खत, नांगरट, लावणीची मजुरी, सगळं गेलं. तेही उसनवारीचं.

एकादशीला पाच दिवस राहिले होते. संध्याकाळी मुक्कामावर त्या माणसाला बायकोचा फोन आला. माणूस मटकन खाली बसला. थोड्या वेळानं उठला आणि म्हणाला, "आत्ता नाही बोलत मी त्याच्याशी. आत्ता तोंडून भलतं जाईल. घरी गेल्यावर बघतो." आम्हा सगळ्यांना वाटलं, बरोबर आहे, माणूस राग गिळतोय, धीर धरतोय.

पण दिंडीतले एक म्हातारबाबा चुलीपाशी बसले होते. ते म्हणाले, "तू घरी जाशील आठ दिवसांनी. तोवर पोरानं काय करायचं? बाप आल्यावर बघतो म्हणाला, एवढंच घेऊन झोपायचं? परत फिरायचं तर फीर, राहायचं तर राहा. पण फोन आत्ता लाव." मग जरा थांबून म्हणाले, "आणि आधी त्याचं अंग कसं आहे ते विचार. सरकीचं नंतर."

माणूस ओढ्यावर गेला. हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि फोन लावला. आम्ही जवळच होतो. तो एवढंच बोलला, "अंगावर उडालं होतं का रे? डोळे चुरचुरतात का? डोकं दुखतं का? साबणानं आंघोळ केली होती का? ... बरं. त्या वावरातलं गवत जनावरांना टाकू नको. तुझ्या मायला जेवायला सांग, तूही जेव. मी आल्यावर दोघं मिळून बघू काय पेरायचं ते."

पलीकडून पोराचा रडण्याचा आवाज ऐकू आला. नंतर त्याच्या आईनं आमच्या घरच्यांना सांगितलं, की त्या फोनच्या आधी तीन दिवस पोरानं भाकरीला हात लावला नव्हता. घरातून उठायचं आणि विहिरीच्या काठाला जाऊन बसायचं. आई कामं टाकून त्याच्या मागं मागं फिरत होती. आता तुम्हीच सांगा, माउली, नुकसान कशाचं होणार होतं आणि कशाचं टळलं?

यातून एक गोष्ट नीट समजून घ्या. गप्प बसणं म्हणजे धीर नव्हे. बाप गप्प बसला की त्याला वाटतं आपण रागावलो नाही. पोराला मात्र ते गप्प बसणं काठीपेक्षा जास्त लागतं. काठीचा मार संपतो तरी. म्हणून राग आवरायला जेवढा वेळ लागतो तेवढा घ्यावा, पाणी प्यावं, हरिपाठ म्हणावा, पण पोराला वाऱ्यावर सोडू नये.

बारस सोडून तो माणूस घरी गेला. बापलेक दोघं बांधावर उभे राहिले. बापानं आधी पोरालाच बोलू दिलं. काय पाहिलं होतं, काय वाटलं, डबा कुठून घेतला. तेव्हा पोर म्हणालं, "मका जळाला नाही, म्हणून मला वाटलं सरकीही जळायची नाही." बापानं नंतर आम्हाला सांगितलं, "महाराज, पोराचं डोकं चाललं होतं हो. बघून शिकला होता. निम्मंच बघितलं एवढंच." मग दोघांनी डबा आणला आणि त्यावरचा कागद वाचला. कोणत्या पिकात चालतं, कोणत्या पिकात नाही, तिथं लिहिलेलं होतं. वाचून झाल्यावर बाप म्हणाला, "हा डबा कुलपात पाहिजे होता. उघड्यावर ठेवला मी." पोरासमोर म्हणाला. त्या एका वाक्यानं पोराच्या डोक्यावरचं निम्मं ओझं उतरलं असेल.

जुलै संपत आला होता. त्या वावरात पुन्हा सरकी लावण्यात अर्थ नव्हता. रुंद पानाचं दुसरं पीक इतक्या लवकर घेणंही धोक्याचं. बाजरी मात्र गवताच्या जातीची. दिंडीतल्याच एकानं तीन-चार किलो बियाणं दिलं. बापलेकानं मिळून बाजरी पेरली. घरची भाकर निघाली, कडबाही निघाला. सरकीचा पैसा काही निघाला नाही. ते कर्ज पुढं दोन वर्षं फिटत होतं. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण धीर धरला की नुकसान भरून येतं असं नाही.

आपल्या कीर्तनात नामदेवरायांच्या लहानपणीची कथा येते. महिपतीबुवांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’तही ती आहे. वडील दामाशेटी शिंपी. त्यांनी नामदेवांना कापड देऊन बाजाराला पाठवलं. नामदेव भजनात दंग. कापड दिलं ते रानातल्या धोंड्यांना, उधारीवर. एका धोंड्याला जामीन ठरवलं आणि हात हलवत घरी आले. दामाशेटी संतापले. संतापणारच. भांडवल गेलं होतं. पुढं मुदत भरल्यावर नामदेवांनी जामीन धोंडा घरी आणला आणि त्याचं सोनं झालं.

कथा ऐकून आपण टाळ्या वाजवतो. पण माउली, आपल्या घरी धोंड्याचं सोनं होत नाही. जळालेली सरकी जळालेलीच राहते. म्हणजे दामाशेटींपेक्षा आपल्याला धीर जास्त लागतो, नाही का? त्यांना देवानं भरपाई दिली. आपल्याला भरपाई नसताना लेकराला जवळ घ्यायचं आहे.

नामदेवांचीच दुसरी कथा घ्या. वडील घरी नाहीत म्हणून नैवेद्य घेऊन लेकरालाच देवळात पाठवलं. ते रिकामं ताट घेऊन आलं आणि म्हणालं, देव जेवला. घरच्यांचा विश्वास बसेना. म्हणून खरं काय ते पाहायला गेले, असं कीर्तनकार सांगतात. आम्हाला यातली देव जेवल्याची गोष्ट जेवढी गोड वाटते तेवढीच ही पाहायला जाण्याची गोष्टही मोलाची वाटते. ताट रिकामं दिसलं की आपण निकाल देऊन मोकळे होतो. खाल्लं असेल, सांडलं असेल, खोटं बोलत असेल. आधी जाऊन पाहावं, विचारावं, हे सुचत नाही.

आणि आपल्या पैठणचे नाथमहाराज. देवगडावर जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबात एका पैचा मेळ बसेना. सगळे झोपले, नाथ दिव्यापाशी बसून होते. रात्र सरत आली तेव्हा चूक सापडली आणि त्यांनी आनंदानं टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैच्या चुकीसाठी एवढं मन लागतं, ते देवाकडं लागलं तर काय होईल! ही कथा आपण परमार्थासाठी सांगतो. प्रपंचासाठीही तिच्यात एक शिकवण आहे. आपली चूक आपल्याला सापडली की माणसाला आनंद होतो. तीच चूक दुसऱ्यानं तोंडावर फेकली की भीती वाटते. पोरानं डब्यावरचा कागद स्वतः वाचला, तेव्हा त्याला चूक सापडली. बापानं ती नुसती कानाखाली काढली असती, तर पोराच्या लक्षात फक्त कानाखालचा आवाज राहिला असता.

आता कुणी म्हणेल, महाराज, असं केलं तर पोरं डोक्यावर बसतील. धीर म्हणजे लाड नव्हे. पोर मुद्दाम नासधूस करत असेल, सांगितलेलं काम टाकून खेळत असेल, चूक लपवायला खोटं बोलत असेल, तर त्याला जाब विचारलाच पाहिजे. आम्ही बोलतोय ते मदतीला आलेल्या हाताबद्दल. तिथंही काम नीट कसं करायचं हे सांगितलंच पाहिजे, आणि काही कामं द्यायचीच नाहीत हेही ठरवलं पाहिजे. औषधाची फवारणी, विजेची पेटी, मळणी यंत्र ही पोरासोरांची कामं नव्हेत. औषधाचे डबे कुलपात हवेत. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा, त्याला लाल फडकं बांधावं. हा सुद्धा धीराचाच भाग आहे. नुकसान झाल्यावर शांत राहण्यापेक्षा आधी जागं राहणं स्वस्त पडतं.

आणि भीतीनं काय होतं तेही बघा. ज्या घरात प्रत्येक चुकीला मार आहे, त्या घरातली लेकरं चुकायची थांबत नाहीत, सांगायची थांबतात. जिथं जायला बंदी केली होती तिथं पोर गेलं आणि पायाला काही चावलं, तर मार बसेल म्हणून ते घरी सांगत नाही. सापाच्या विषाला उशीर चालत नाही, माउली. फवारणीनंतर डोकं गरगरत असलं तरी ते अंथरुणात तसंच पडून राहतं. म्हणून लेकराला एवढं पक्कं माहीत पाहिजे, की काहीही झालं तरी आधी आईबापाला सांगता येतं.

दुसरी गोष्ट गावाची. बापानं पोटात घातलं तरी गाव घालत नाही. पारावर बसून आपण पोरांना नावं पाडतो. एकदा हातून काही सांडलं की तो जन्माचा ‘सांडणारा’. मिसरूड फुटलं, लग्न झालं, तरी नाव तेच. गावाला ते हसण्यावारी, पण त्या पोराला पुन्हा पुढं होऊन काही करावंसं वाटत नाही. मग आपणच तक्रार करतो, की तरुण पोरं कामाला पुढं येत नाहीत, दिंडीत येत नाहीत, सप्ताहाची वर्गणी मागायला लाजतात. अहो, पुढं आलेला हात आपणच झटकला होता. दिंडीच्या त्या बाबांनी त्या वर्षी सगळ्यांना बजावलं होतं, की या पोराची गोष्ट गावात चेष्टेनं सांगायची नाही. आजही आम्ही नाव घेतलं नाही ते त्यामुळेच.

मायबहिणींनो, लेकींबद्दल एक शब्द. पोराच्या हातून भाकरी करपली तर आपण हसतो. पोरीच्या हातून करपली तर लगेच सासर काढतो. "सासरी असंच करशील का?" एका भाकरीसाठी तिच्या सगळ्या जन्माचा हिशेब कशाला? नव्या सुनेचंही तसंच. परक्या घरात ती मदतीलाच पुढं येते, कोणता डबा कुठं ते तिला माहीत नसतं. तिच्या हातून तेलाची बरणी फुटली, तर तेल पुसता येतं. त्या वेळी निघालेला शब्द पुसता येत नाही.

आता शेवटचं आणि आमच्या मते सगळ्यात अवघड. चुकीनंतर तेच काम पुन्हा त्याच हातात देणं. माफ करणं सोपं आहे, पुन्हा सोपवणं अवघड. आपण म्हणतो, "जाऊ दे, झालं ते झालं," आणि पुन्हा त्या कामाला त्याला हात लावू देत नाही. लेकरू काय समजायचं ते समजतं. त्या माणसानं पुढच्या आषाढीला निघताना पोराला सांगितलं, "वावर तुझ्यावर आहे. फवारायचं काही असेल तर मला फोन कर, मी माणूस सांगतो. बाकी कसं करायचं ते तू बघ." त्या वर्षी खुरपणी वेळेवर झाली. पोरगं स्वतः पहाटे शेजारच्या वस्तीवर जाऊन रोजगारी ठरवून आलं होतं.

माउली, आपण ज्याला भेटायला एवढं चालतो, त्याला आपण विठाई म्हणतो, आई म्हणतो. चुकत-माकत गेलेल्या कुणालाही त्यानं दारातून परत पाठवलं नाही, हाच आपला भरवसा आहे. वर्षभर किती चुका करून आपण त्याच्या पायावर डोकं ठेवतो! तो पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतो. तेवढंच आपण घरी करायचं आहे.

शंभर वर्षांचा हिशेब मंडळींनी छान मांडला. पुढच्या शंभर वर्षांची दिंडी या मांडवाच्या कडेला बसली आहे. त्यातल्या काहींचा टाळ आज सकाळीच काकड्याला चुकत होता. उद्या काल्याच्या कीर्तनाला त्यांना पुढच्या रांगेत उभं करा, आणि जाणत्या टाळकऱ्यांनी त्यांच्या शेजारी उभं राहावं, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!